चित्रांनीं गोष्ट लिहिणारा : बिल पीट

व्यंगचित्रपट पाहून घरीं आलेल्या मुलाला आपण विचारलें, 'ही गोष्ट कोणीं लिहिली रे?' तर तें बहुधा 'डिस्नेनें' असें उत्तर देईल. आणि वडील माणसांचें उत्तरहि याहून फारसें निराळें असणार नाहीं. नाटक म्हटलें कीं आपण आधीं नाटककाराचें नांव विचारतों. मग व्यंगचित्रपटाच्या कथाकाराच्याच वाट्याला हा अनामिकपणा कां यावा? आज या प्रश्नाचा विचार आपण एका कथाकाराच्या चरित्राच्या आधारें करूं. त्याचें नांव बिल पीट.

प्रथम, या धंद्यांतील कथाकार करतो तरी काय, हें पाहूं. चित्रपटाच्या फितीवरून सेकंदाला २४ चौकटी सरकतात. सव्वा तासाच्या चित्रपटांत अशा १,०८,००० चौकटी होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरलें, तरी ५४ हजार चित्रें काढावींच लागतील. इतका खटाटोप झाल्यावर एखादा प्रसंग रंगत नाहीं असें ध्यानांत आलें, तर अनेक माणसांचे कित्येक महिन्यांचे श्रम पाण्यांत जावयाचे! म्हणून कथा आधींच पारखून घ्यावी लागते. यासाठीं डिस्नेच्या चित्रशाळेंत १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत एक युक्ति रूढ झाली. प्रसंगाप्रसंगाचीं लहान, कच्चीं चित्रें काढावयाचीं आणि तीं मोठ्या फळ्यावर टांचण्यांनीं क्रमवार लावावयाचीं. यालाच 'स्टोरीबोर्ड' म्हणतात. कथाकार या फळ्यासमोर उभा राहून सर्व पात्रांचीं भाषणें साभिनय म्हणून दाखवी. प्रसंग लांबला तर चार चित्रें उतरवावीं, क्रम चुकला तर टांचणी काढून चित्र दुसरीकडे लावावें. आपल्याकडील चित्रकथी पोथींतील एकेक चित्र पुढें करून कथा सांगतो, त्याच जातीची ही कला. फरक एवढाच, कीं चित्रकथ्याची कथा परंपरेनें ठरलेली असते, आणि येथें ती रोज फळ्यावर घडत व मोडत असते.

बिल पीटचा जन्म २९ जानेवारी १९१५ रोजीं अमेरिकेच्या इंडियाना राज्यांतील ग्रँडव्ह्यू या गांवीं झाला. आडनांव मुळांत 'पीड' होतें. पुढें त्यानेंच तें 'पीट' असें केलें. इंडियानापोलिसच्या जॉन हेरॉन कलाशाळेंत शिक्षण घेऊन १९३७ सालीं तो डिस्नेच्या चित्रशाळेंत नोकरीस लागला. काम होतें अगदीं खालच्या पायरीचें : मुख्य चित्रकारानें हालचालीचीं ठळक चित्रें काढावीं आणि त्यांच्या मधलीं चित्रें यानें भरावीं. दिवसामागून दिवस डोनल्ड डक या बदकाचीं चित्रें काढून तो विटून गेला. त्या काळांत त्यानें 'पिनोकिओ'साठीं कांहीं राक्षसांचीं चित्रें काढून कथाविभागाकडे दिलीं होतीं. अखेर एके दिवशीं 'आतां बदकें पुरेत!' असें ओरडून तो बाहेर पडला. पण विसरलेलें जाकीट नेण्यास परत आला, तों कथाविभागांत बढती मिळाल्याची चिठी त्याची वाट पाहत होती. ही हकीकत त्यानेंच आपल्या १९८९ सालच्या सचित्र आत्मचरित्रांत सांगितली आहे.

'डम्बो' (१९४१), 'सिंडरेला' (१९५०), 'पीटर पॅन' (१९५३) या चित्रपटांच्या कथांना त्याचा हात लागला. पण ते अनेकांच्या सहकार्याचे. डोडी स्मिथ या इंग्रज लेखिकेच्या १९५६ सालच्या कादंबरीवरून '१०१ डाल्मेशियन्स' काढण्याचें ठरलें, तेव्हां डिस्नेनें सर्व कथा एकट्या पीटवर सोंपविली. पीटला टंकलेखन येत नव्हतें. त्यानें पिवळ्या कागदांवर हातानें सबंध पटकथा लिहिली व मग फळ्यावरील चित्रेंहि स्वतःच काढलीं. कादंबरींत पिल्लांची आई एक आणि त्यांना पाजणारी कुत्री दुसरी. पीटनें त्या दोघींची एकच पर्डिटा केली. खलनायिकेचा नवरा वगळला. पात्रें कमी झालीं आणि कथेला वेग आला. पीटनें मूळ कथा सुधारली, असें स्मिथबाईंनींच त्याला कळविलें. १९६१ सालच्या या चित्रपटानंतर १९६३ चा 'द सोर्ड इन द स्टोन' हाहि त्यानें एकट्यानेंच लिहिला. त्यांतील तापट जादूगार मर्लिनचें नाक त्यानें खुद्द वॉल्ट डिस्नेवरून घेतलें!

यापुढचें प्रकरण आपल्या प्रांताच्या जवळचें आहे. रड्यर्ड किप्लिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. आणि त्याच्या 'जंगल बुक'मधील मोगलीचें अरण्य म्हणजे नागपूरच्या उत्तरेकडील सिवनीचा डोंगराळ मुलूख. या पुस्तकावर चित्रपट काढण्याचें काम पीटनें अंगावर घेतलें. मूळ ग्रंथांत वानरांना राजा नाहीं. लुई हा वानरराजा पीटनें घातला. पण मनुष्य आणि अरण्य यांच्यामधील तेढ व कथेचें गंभीर, भयाकुल वातावरण त्यानें कायम ठेवलें. डिस्नेला मात्र हंसतीखेळती कथा हवी होती. दोघेहि हट्टी. शेवटीं २९ जानेवारी १९६४ रोजीं, आपल्या ४९ व्या वाढदिवशीं, पीटनें सत्तावीस वर्षांची नोकरी सोडली. कथा इतरांच्या हातीं गेली. पूर्वीच्या आराखड्यासाठीं टेरी गिल्कीसननें रचलेल्या गीतांपैकीं अस्वल बाळूचें एकच गीत राहिलें. १९६६ च्या डिसेंबरांत डिस्ने वारला आणि १९६७ सालीं प्रकाशित झालेला तो चित्रपट जगभर गाजला. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीनें डिस्ने चुकला नाहीं. पण पीट चुकला, असेंहि त्यावरून सिद्ध होत नाहीं. कारण त्याची कथा पडद्यावर कधीं आलीच नाहीं.

अशा वादाचा निवाडा करण्यास एकच साधन उरतें, तें म्हणजे कागद. डिस्नेच्या चित्रशाळेंत काम संपलेलीं चित्रें एका तळघरांत ठेवीत व त्याला थट्टेनें 'शवागार' म्हणत. चित्रकार जुन्या कामाचा दाखला पाहण्यास तेथें जात. त्याच संग्रहाचें पुढें अॅनिमेशन रिसर्च लायब्ररी या संस्थेंत रूपांतर झालें. तेथील चित्रांची व कागदांची संख्या सुमारें साडेसहा कोटि सांगतात. नाटककाराचें नाटक छापील पुस्तकांत राहतें. व्यंगचित्रपटाच्या कथाकाराचें लेखन मात्र फळ्यावरून उतरलें कीं दिसेनासें होतें. टांचण्यांच्या भोंकांसकट असें एखादें चित्र जपून ठेवलें असेल, तरच कोणता प्रसंग कोणाच्या डोक्यांतून निघाला, कोणता गाळला गेला, हें पुढच्या पिढीला समजतें. शिवाय हे कागद चित्रशाळेच्या मालकीचे असतात. ज्यानें ते रेखाटले, त्याचा त्यांवर हक्क राहत नाहीं.

पीटनें याला आपल्यापुरता तोड काढला होता. १९५९ पासून तो मुलांसाठीं स्वतंत्र सचित्र पुस्तकें लिहूं लागला होता. नोकरी सुटल्यावर तोच त्याचा व्यवसाय झाला आणि ११ मे २००२ रोजीं मृत्यु येईपर्यंत अशीं तीसांहून अधिक पुस्तकें त्याच्या नांवावर जमा झालीं. त्यांत चित्रें त्याचीं, शब्द त्याचे आणि मुखपृष्ठावर नांवहि त्याचेंच.

तेव्हां यापुढें मुलांबरोबर व्यंगचित्रपटास जाल, तेव्हां आरंभींच्या वा शेवटच्या नामावलींत 'कथा' या शब्दापुढील नांव अवश्य वाचा आणि मुलांनाहि वाचून दाखवा. ज्यानें पहिलें चित्र फळ्याला टांचलें, त्याचें तेवढें देणें आपण लागतों.