पलटणीतून परत न आलेल्यांचा माग

दापोली तालुक्यातल्या जुन्या घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं: ‘आमच्या पणज्यांचे भाऊ बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत.’ कुठल्या साली, कुठल्या पलटणीतून, गोळी लागून की तापाने, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जातं. बसरा म्हणजे नथीतल्या मोत्यांचं गाव, एवढीच त्या गावाची घरात ओळख.

याच तालुक्यातल्या बुरोंडीला आज लोक येतात ते समुद्रासाठी आणि टेकडीवरच्या परशुरामाच्या भव्य पुतळ्यासाठी. पण हे गाव ‘कॅम्प दापोली’च्या पायथ्याशी आहे, हे विसरून चालत नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दापोलीच्या पठारावर छावणी बसवली. पुढे तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती वाढली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथेच राहायला आले होते. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा, 1894 साली, तिच्याविरुद्ध अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर शिपाई आणि त्यांचं कार्यक्षेत्र दापोलीच. मराठे, महार, कोकणी मुसलमान अशा अनेक समाजांतली माणसं या पट्ट्यातून मुंबई इलाख्याच्या फौजेत जात. खडकाळ वरकस जमिनीवर पोट भरत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण. मर्दुमकीच्या गोष्टी नंतर जोडल्या गेल्या.

पूर्वज शोधायला निघालेले बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. माझं मत विचाराल तर आडनाव बाजूला ठेवा आणि गाव धरा. शिपायाच्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. नुसतं त्याचं नाव आणि बापाचं नाव असतं, पण त्यापुढे गाव, तालुका, जिल्हा लिहिण्याची पद्धत होती. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी मंडळाच्या (CWGC) संकेतस्थळावर ‘अतिरिक्त माहिती’ असा शोधाचा एक रकाना आहे. त्यात गाव टाकून पाहावं, मग दापोली, मग रत्नागिरी. गावाचं स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. ‘बुरोंडी’त ओ-उ ची अदलाबदल करून, एखादं अक्षर वाढवून-गाळून सगळे प्रकार तपासावे लागतात. साध्या शोधयंत्रावर तर ते यंत्र शहाणपणा करून आपल्याला थेट आफ्रिकेतल्या बुरुंडी देशात नेऊन सोडतं! आणखी एक खबरदारी: 1981 पर्यंत आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यामुळे नुसतं ‘रत्नागिरी’ लिहिलेला शिपाई मालवणचाही असू शकतो.

महार कुटुंबांसाठी नावातला ‘नाक’ हा प्रत्यय मोठा दुवा आहे. वलंगकरांचं पूर्ण नाव गोपाळनाक विठनाक. कोरेगावच्या 1818 च्या लढाईच्या स्तंभावरही अशी नावं कोरलेली आहेत. नंतरच्या पिढ्यांनी आडनावं घेतली आणि ‘नाक’ गळून पडलं, तेव्हा आजच्या आडनावाने जुना शिपाई सापडणार कसा? पहिल्या महायुद्धात भरतीची दारं पुन्हा उघडली आणि 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची.

मराठा पलटणींपैकी 103, 110 आणि 117 या तीन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर गेल्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. तिथून मागे हटलेली फौज टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत अल अमारा गावात कोंडली गेली. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांचा वेढा होता. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते, परिणामी स्कर्व्हीने माणसं खंगली. शेवटी सुमारे 13 हजारांची फौज शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं आणि पुढे अनेकांना रास अल ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी जण वाटेतच पडले. ‘बसऱ्याला गेले’ या घरी राहिलेल्या दोन शब्दांत एवढं सगळं असू शकतं, कारण जहाज बसऱ्याला लागे आणि घरच्यांना ठाऊक असलेलं शेवटचं ठिकाण तेवढंच.

या मृतांचं बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. 1929 साली त्याचं अनावरण झालं. ज्यांची कबर सापडत नाही अशा 40 हजारांहून अधिक जणांचं ते स्मारक. पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके अन्य हिंदी सैनिक’ एवढा आकडा आला. युरोपात असं झालं नाही. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी नावं आहेत. 2021 मध्ये युद्धसमाधी मंडळाने स्वतःच चौकशी अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली. सद्दाम हुसेनच्या हुकमाने 1997 मध्ये बसऱ्याचं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवण्यात आलं. मात्र इराकमधल्या मृतांची दोन खंडांची नामावली मंडळाच्या इंग्लंडमधल्या मुख्यालयात ठेवली आहे आणि तीच नावं संकेतस्थळावरच्या शोधात मिळतात. दगडावर नाव नाही म्हणून कागदावरही नसेल असं धरून बसू नये, हे सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

कैद झालेल्यांसाठी जिनिव्हातल्या रेडक्रॉसची कार्डं आहेत. पहिल्या महायुद्धातल्या सुमारे 20 लाख कैद्यांची ती आता ऑनलाइन पाहता येतात. पंजाबइतकं नशीब मात्र आपलं नाही. तिथल्या 3 लाख 20 हजार शिपायांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि 2021 पासून लोकांसमोर येऊ लागल्या. कोकणाला तुकडे गोळा करूनच जुळवाजुळव करावी लागते.

त्यातले बरेच तुकडे घरात असतात. चांदीचं युद्धपदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरावी. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. पदक काशाचं असेल तर तो माणूस लढाऊ शिपाई नसून हमालपथकात किंवा तशाच कामावर होता असं समजावं. तळहाताएवढा काशाचा गोल स्मृतिपट मृताच्या घरी येई. त्यावर नुसतं नाव, नंबर नाही. किती घरांतून ते भांड्यांबरोबर मोडीत गेले असतील, त्याचा विचार न केलेला बरा.

दुसरा तुकडा तलाठ्याकडे. परदेशी मेलेल्या माणसाचा मृत्यू गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीत सहसा नसतो. पण त्याच्या नावावर जमीन असेल तर वारस लावावे लागतात. गाव नमुना सहाचा जुना फेरफार आणि सहा-क ची वारस नोंद यांतून बाप, बायको, भाऊ आणि मृत्यूचा अंदाजे काळ हाती लागतो. कूळ असलेल्या घरांना हा मार्ग अवघड, कारण खोती 1949 च्या कायद्याने जाईपर्यंत बरंच काही खोताच्या नावावर चाले. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही जरूर पाहाव्यात. देवळालीच्या छावणीत असलेला एखादा शिपाई तिथे स्वतः नाव सांगून गेलेला असू शकतो.

बुरोंडीसारख्या बंदराच्या गावात ‘लढाईत गेला’ याचा अर्थ पलटणीतच गेला असाही नाही. जहाजावरचे खलाशी, आगवाले, टायग्रिसवरच्या बोटींवरची माणसं यांत कोकणाचा वाटा मोठा होता. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसं भरती करी. एक जहाज बुडालं की एकाच वाडीत तीन-चार घरांत रडारड व्हायची. पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांवर नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिग्रंथांत आहेत. पलटणीच्या याद्या चाळून थकलेल्याने इथे एकदा डोकवावंच.

दुसऱ्या महायुद्धासाठी आधी मुलूख ठरवावा. इरिट्रियातलं केरन, 1942 मध्ये पडलेलं तोब्रुक, मणिपूरचं सांगशाक, इटलीतला टायबर नदीचं वरचं खोरं: मराठा पलटणी सगळीकडे होत्या. शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक आणि रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुरेसं होतं.

घरी येऊन मेलेल्यांचं काय? युद्धसमाधी मंडळ पहिल्या महायुद्धासाठी 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी 31 डिसेंबर 1947 पर्यंतचे मृत्यू धरतं. पलटणीत असतानाच, रजेवर गावी येऊन तापाने गेलेला शिपाईही त्यात बसू शकतो. नाव राहून गेलं असेल तर पुराव्यासह अर्ज करता येतो. पुरावे दोन गोष्टींचे हवेत: तो फौजेत होता याचा आणि तो कधी वारला याचा. पहिल्यासाठी पदकाची कड किंवा पेन्शनचा कागद चालू शकतो. दुसऱ्यासाठी, मृत्यू गावातच झाला असेल तर, तहसील कचेरीत जुनी मृत्यू नोंदवही शोधावी लागते. त्यातली काही पानं मोडीत असण्याची शक्यता आहे, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर घेऊनच जावं.