कॅसिनोत जिंकलेल्या रकमेवरचा कर : एका पत्राच्या निमित्ताने

वाईच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापारी बांधवाचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने आम्ही ते छापत नाही. त्यांचा भाचा पर्यटकांची गाडी चालवतो. महाबळेश्वर-पाचगणी फिरून झालेले गिऱ्हाईक घेऊन तो गोव्याला गेला. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर गिऱ्हाइकांनी त्यालाही नेले आणि तिथल्या स्लॉट मशीनवर त्याला १२ लाख रुपये लागले. कॅशिअरने पॅन कार्ड मागितले, ३ लाख ६० हजार कापले आणि उरलेले ८ लाख ४० हजार त्याच्या बँक खात्यात पाठवले. मध्यरात्री त्याने मामूंना फोन केला. मामूंना त्या रात्री झोप आली नाही, असे ते लिहितात.

पत्रात चार प्रश्न आहेत. एक, आता तर १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग कापलेले पैसे परत मिळतील काय? दोन, सोबतचे लोक म्हणत होते की थोडे थोडे करून रोख घेतले असते तर एक पैसाही कापला गेला नसता, हे खरे काय? तीन, ही रक्कम मामूंच्या दुकानाची विक्री म्हणून दाखवता येईल काय? आणि चार, हा पैसा घरात नकोच, सगळा एखाद्या इस्पितळाला किंवा यतीमखान्याला देऊन टाकला तर कराचे काय?

व्यापाराच्या पानावर जुगाराचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. जुगार मना आहे हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. पण चूक घडून गेल्यावर माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पहिलीपेक्षा मोठी दुसरी चूक करतो. ती दुसरी चूक पुष्कळदा एखाद्या मेहनती दुकानदाराच्या वहीत येऊन बसते. म्हणून हे लिहिणे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनो नियंत्रण व कराचा एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्दच करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही आले. २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोच्या खेळाच्या दालनात मज्जाव आहे. म्हणजे तिथे खिसा रिकामा करायला जातात ते आपल्यासारखे बाहेरचे.

प्राप्तिकर हा केंद्राचा कर आहे, त्याला राज्याची हद्द नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ११५ बीबी हे कलम १९८६ च्या वित्त कायद्याने आले. लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते, कोणताही खेळ, जुगार आणि पैज यांतल्या जिंकीवर सरसकट कर असा त्याचा अर्थ. सुरुवातीला दर ४० टक्के होता, २००१ च्या वित्त कायद्याने तो ३० टक्के झाला. आदल्याच वर्षी टीव्हीवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला होता आणि मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले होते. टीव्हीवरच्या बक्षिसांचे कार्यक्रमही २००१ च्या कायद्याने नाव घेऊन या कराच्या कक्षेत आणले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, ३० टक्के मात्र तेच राहिले.

बेकायदा खेळालाही सूट नाही. आपल्याकडे मटका किंवा चोरून चालणारा तीन पत्तीचा क्लब १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरी त्यातून आलेला पैसा प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्नच ठरतो.

या कराची तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले, करमाफीची मर्यादा त्याला लागत नाही. घरात बसलेल्या, दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या माणसालाही पहिल्या रुपयापासून ३० टक्के द्यावे लागतात. दुसरे, खर्च वजा मिळत नाही. चिपा घेण्याचे पैसे, प्रवास, हॉटेल, काहीही नाही. चिपांसाठी भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तोही वजा होत नाही. तिसरे, हार मोजली जात नाही. शुक्रवारी पाच लाख जिंकले आणि शनिवारी पाच लाख हरले, तर खिशात शून्य राहते आणि कर पाच लाखांवर लागतो.

१२ लाखांचा हिशोब

आता पहिला प्रश्न. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर येत नाही, हे खरे आहे. पण ती सवलत पगार, धंदा, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नाला आहे. ज्या उत्पन्नावर खास दराने कर आहे त्याला ती मिळत नाही, आणि जुगाराची जिंकी खास दराची आहे. सबब भाच्याचे पैसे परत मिळणार नाहीत. उलट त्याच्याकडून थोडे येणे बाकी आहे.

हिशोब असा. १२ लाखांचे ३० टक्के म्हणजे ३,६०,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर १४,४०० रुपये. एकूण ३,७४,४००. कॅसिनोने देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, फक्त ३० टक्के असतो, कारण इथल्या रहिवाशाच्या बाबतीत तिथे उपकर धरत नाहीत. उरलेले १४,४०० रुपये स्वतः भरायचे. ते १० हजारांहून जास्त असल्याने आगाऊ कर म्हणून त्याच वर्षी उरलेल्या हप्त्यांत, आणि हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरावेत, म्हणजे व्याज लागत नाही.

रक्कम मोठी असली की हा फरक वाढत जातो. उत्पन्न ५० लाखांवर गेले की करावर १० टक्के अधिभार, एक कोटीवर गेले की १५ टक्के. समजा कोणाला ६० लाख लागले. कर १८ लाख, अधिभार १ लाख ८० हजार, उपकर ७९,२००, एकूण २०,५९,२००. टीडीएस कापला गेला १८ लाखच. राहिलेले २,५९,२०० रुपये त्याने भरायचे आहेत. 'कर कापूनच पैसे दिलेत' म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला इथेच नोटीस येते.

'कापलेला सगळा कर रिफंड मिळवून देतो, कमिशन द्या' असे म्हणणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. खोट्या विवरणपत्रावर सही तुमची असते आणि दंडही तुमच्याच नावावर पडतो.

रोख घेतले असते तर?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. २०१७ पासूनच्या कायद्याप्रमाणे एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाच्या निमित्ताने २ लाख रुपये किंवा अधिक रोखीने घेता येत नाहीत. घेतले तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. सहा दिवस रोज दोन दोन लाख घेतले तरी प्रसंग एकच. चार मित्रांच्या नावावर चिपा वाटून मोडल्या तर चौघांना खोटे बोलायला लावल्यासारखे होते.

शिवाय कॅसिनो २००९ पासून काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आहेत. गिऱ्हाइकाची ओळख घेणे, नोंदी पाच वर्षे ठेवणे, १० लाखांवरचे रोख व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. इकडे बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक प्राप्तिकर खात्याला कळवते. रोख घेतल्याने कर सुटत नाही, फक्त पुरावा हरवतो. भाच्याने पैसे बँकेतून घेतले हे शहाणपणाचेच झाले.

मामूंच्या दुकानात

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत धोक्याचा आहे. लहान दुकानदार उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून कर भरतो. मग १२ लाख विक्रीत मिसळले तर कर जवळपास काहीच लागत नाही, असा हिशोब कोणाच्याही डोक्यात येऊ शकतो. पण तेवढा माल आणला कोठून? जीएसटीच्या विवरणपत्रात तो नाही, खरेदीची बिले नाहीत. इकडे कॅसिनोने कापलेला कर भाच्याच्या पॅनवर दिसतो आहे. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे. रकमेचा उगमच सांगता आला नाही, तर ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुन्या कायद्याने ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि उपकर, म्हणजे शंभरातले ७८ रुपये जातात. १२ लाखांत ९,३६,०००. खरे सांगून ३,७४,४०० आणि लपवून ९,३६,०००, असा हा सौदा आहे.

'मग भाचा मला बक्षीस देईल', असेही पत्रात लिहिले आहे. त्यातली गोम व्यापाऱ्यांनी ओळखावी. मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त आहे. पण भाच्याने मामाला दिलेली ५० हजारांवरची भेट मामाच्या उत्पन्नात धरली जाते, कारण मामाच्या बाजूने पाहता कायद्याच्या 'नातेवाईक' या यादीत भाचा येत नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी येतात. एकाच पैशावर दोनदा कर भरावा लागेल.

सगळे दान केले तर?

चौथ्या प्रश्नामागची भावना आम्ही समजू शकतो. पण प्राप्तिकर पैसा आला कसा हे पाहतो, गेला कोठे हे पाहत नाही. एरवी देणगीवर मिळणारी ८० जी ची वजावट जुगाराच्या उत्पन्नातून मिळत नाही. टेबलावर जिंकलेल्या आणि कर न कापल्या गेलेल्या माणसाने सर्व रक्कम वाटून टाकली, तरी ३१.२० टक्के कर त्याच्या डोक्यावर राहतोच, आणि मग तो मेहनतीच्या कमाईतून किंवा कर्ज काढून भरावा लागतो. कर भरला म्हणून पैसा हलाल होत नाही, आणि पैसा हराम आहे म्हणून कर माफ होत नाही. म्हणून आधी कराची रक्कम बाजूला काढावी. उरलेल्याचे काय करावे हे आपल्या आलिमांना विचारावे, ते आमच्या पानाचे काम नाही.

आता करायचे ते

भाच्याने कॅसिनोची पावती आणि बँकेचा उतारा जपून ठेवावा. टीडीएसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि कापलेली रक्कम आपल्या पॅनवर, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते की नाही ते पाहावे. उरलेले १४,४०० रुपये चलनाने भरावेत. विवरणपत्र मुदतीत भरावे. या उत्पन्नाला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. पगारदाराला आयटीआर-२, गाडीचा स्वतःचा धंदा असेल तर आयटीआर-३. इतर उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र चुकवू नये. साताऱ्यात किंवा वाईतच एखाद्या चांगल्या कर सल्लागाराला कागद दाखवावेत, त्याची फी या सगळ्या जोखमीपुढे किरकोळ आहे.

तरुण वाचकांना आणखी एक सूचना. मोबाइलवरचे पैशांचे खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. तरी 'तुमचे इतके लाख लागले, आधी कर पाठवा, मग रक्कम सोडतो' असे फोन येतात. सरकारचा कर रोख बक्षिसातूनच कापला जातो किंवा आपल्या पॅनवर चलनाने भरला जातो. तो कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात पाठवायचा नसतो.

मामूंना आमचे सांगणे एवढेच. आपले दुकान आणि आपली वही वर्षानुवर्षांच्या मेहनतीची आहे. ती या पैशापासून दूर ठेवा. भाच्याला रागावण्याआधी त्याला घेऊन कर सल्लागाराकडे जा. त्याने रात्री फोन आपल्यालाच केला, म्हणजे आपले म्हणणे तो ऐकेल.