पोटभाडेकरू राउटर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वसतिगृहाची खोली असो, कॉलेजची प्रयोगशाळा असो की मोठ्या कार्यालयातली एखादी केबिन, भिंतीत इंटरनेटच्या केबलसाठी बहुधा एकच जागा असते आणि ते वापरणारे मोबाइल, लॅपटॉप मात्र चार-पाच असतात. मग कोणीतरी बाजारातून घरगुती वायफाय राउटर आणतो आणि भिंतीतली केबल त्यात खोचतो. पुष्कळदा काम होते, कधी होत नाही, आणि कधी आपले होते पण शेजारच्या पन्नास जणांचे बंद पडते. संस्थांच्या नेटवर्कची देखभाल करताना हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत. केबल कोणत्या पोर्टमध्ये खोचली, यावर त्यातले बरेचसे अवलंबून असते.

आधी पत्त्यांविषयी. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. जुन्या आणि आजही सर्रास चालणाऱ्या पद्धतीत असे क्रमांक सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकातच लक्षात आले. म्हणून १९९४ मध्ये एक युक्ती मांडण्यात आली. बाहेर एकच क्रमांक दाखवायचा आणि आत अनेक यंत्रे ठेवायची. सोसायटीच्या फाटकावर सगळ्यांचे टपाल घेऊन वहीत पाहून घरोघर पोचवणारा पहारेकरी असतो, तसे हे काम राउटर करतो. या युक्तीला ‘नॅट’ म्हणतात. आतल्या वापरासाठी काही क्रमांक राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक त्यांतलेच. लाखो घरांत एकाच वेळी १९२.१६८.१.१ हा पत्ता असतो आणि गोंधळ होत नाही, कारण तो फाटकाबाहेर जातच नाही.

संस्थेचा मोठा राउटर असाच पहारेकरी असतो. त्याच्या हाताखाली आपण आपला छोटा राउटर बसवला, की आपण जणू पोटभाडेकरू ठेवले. मोठ्या राउटरच्या वहीत आपल्या खोलीचे एकच नाव असते. आत किती जण राहतात, हे त्याला दिसत नाही.

घरगुती राउटर दिसायला एक डबी असली, तरी तिच्यात चार कामे एकत्र असतात. ती बाहेरचे आणि आतले नेटवर्क जोडते, केबलींना फाटे फोडते, वायफाय पुरवते आणि येणाऱ्या प्रत्येक यंत्राला क्रमांक वाटते. या शेवटच्या कामाला ‘डीएचसीपी’ म्हणतात. डबीच्या पाठीमागे एक पोर्ट इतरांपासून वेगळे असते. त्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले असते. बाकीची ‘लॅन’.

पहिली पद्धत सोपी आहे. भिंतीतली केबल वॅनमध्ये खोचायची. छोटा राउटर मोठ्याकडून एक क्रमांक घेतो आणि आतल्या यंत्रांना स्वतःचे क्रमांक वाटतो. मात्र मोठ्या नेटवर्कचे क्रमांकही १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील, तर छोट्या राउटरला दोन्ही बाजूंना एकच गल्ली दिसते आणि कोणते टपाल कुठे न्यायचे हे कळत नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आतली मालिका बदलावी, उदाहरणार्थ १९२.१६८.५० करावी. काही संस्थांत नोंद केलेल्या यंत्रालाच प्रवेश मिळतो. तिथे राउटरच्या पाठीवर छापलेला मॅक क्रमांक नोंदवावा लागतो.

या पद्धतीत टपाल दोन फाटकांतून जाते. वाचन, ईमेल, चित्रफिती यांना त्याचा त्रास होत नाही, कारण मागणी आतून बाहेर जाते. मात्र बाहेरून आत यायचे असेल तर अडते. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकाला आपल्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही, आणि काही ऑनलाइन खेळ कुरकुर करतात.

सर्वांनी एकमेकांना दिसायला हवे असेल, तर दुसरी पद्धत. इथे छोट्या राउटरने फक्त वायफाय पुरवायचे. आधी त्याचे डीएचसीपी बंद करायचे, मोठ्या नेटवर्कमधला एक मोकळा क्रमांक मागून त्याला द्यायचा, आणि मगच केबल लॅनमध्ये खोचायची. हल्लीच्या अनेक राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला की यातले बरेचसे आपोआप होते. काही संस्थांचे स्विच मात्र एका पोर्टवर एकच यंत्र चालू देतात. दुसरे दिसताच ते पोर्ट बंदही करतात. तिथे व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय गत्यंतर नसते.

आता शेजारचे पन्नास जण. एका वसतिगृहात मजल्यावरची निम्मी मुले तक्रार करत होती, निम्म्यांचे सुरळीत होते. दर तासाला तक्रार करणारे वाढत होते. कारण साधे होते. एका खोलीत केबल लॅनमध्ये खोचली होती आणि छोट्या राउटरचे डीएचसीपी चालूच होते. नवे यंत्र नेटवर्कवर येताच ‘मला क्रमांक कोण देईल?’ असे सर्वांना पुकारून विचारते. बहुधा जो आधी उत्तर देतो, त्याचे ते मानते. जवळचा छोटा राउटर झटकन उत्तर देत होता, आणि सोबत बाहेर जाण्याचा चुकीचा रस्ता सांगत होता. क्रमांक ठरावीक मुदतीचे असतात. ज्यांची मुदत संपली, ते एकेक करून अडकत गेले. परीक्षेचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. चांगल्या स्विचमध्ये अशा परक्या डीएचसीपीला रोखण्याची सोय असते, पण ती चालू केलेली असावी लागते.

दुसरा धोका दिसत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक ईमेल वृत्तसंस्थांना आला. त्याचा क्रमांक शोधत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरी पोचले. त्या घरातले वायफाय उघडे होते आणि बाहेरच्यांनी ते वापरले होते, असे पुढे तपासात दिसले. दारावर पोलीस आले ते मात्र त्या घरात राहणाऱ्याच्या. छोट्या राउटरमागच्या प्रत्येकाची कृती मोठ्या नेटवर्कच्या नोंदीत आपल्याच नावावर चढते. शिवाय ज्या कार्यालयाच्या फाटकावर कडक पहारा आहे, तिथे आपले उघडे वायफाय म्हणजे मागच्या बाजूने पाडलेले खिंडार असते.

म्हणून वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ प्रकारचे संरक्षण आणि लांब पासवर्ड द्यावा. जुने ‘वेप’ संरक्षण फोडता येते हे २००१ मध्येच सिद्ध झाले आहे. राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि कंपनी सुधारित सॉफ्टवेअर देईल तेव्हा ते घालून घ्यावे.

या सगळ्याआधी नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाकडे जावे. राउटरचा मॅक क्रमांक, जोडण्याची पद्धत आणि वापरणाऱ्यांची संख्या एका कागदावर लिहून द्यावी. तो कदाचित नाही म्हणेल. कदाचित म्हणेल, ‘थांबा, तिथे आम्हीच वायफाय बसवतो.’ पण होकार दिलाच, तर पुढे काही बिघडल्यावर कोणत्या खोलीत शोधायचे हे त्याला माहीत असेल, आणि मजल्यावरच्या इतरांना दिवसभर ताटकळावे लागणार नाही.