खनिज-मागोवा, ब्लॉकचेनद्वारा

खनिज भूमीतून निघाल्यापासून अंतिम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत त्याच्या हस्तांतरांची अखंड नोंद ठेवण्याच्या क्रियेस खनिज-मागोवा म्हणतात. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील कथील, टंगस्टन, टँटलम व सोने यांच्या व्यापारातून सशस्त्र टोळ्यांना पैसा मिळत असल्याचे उघड झाल्यावर अमेरिकेने २०१० मध्ये या खनिजांचा उगम तपासण्याचे बंधन कंपन्यांवर कायद्याने घातले. तेव्हापासून या विषयास विशेष महत्त्व आले.

ब्लॉकचेन ही कोणा एकाच्या ताब्यात नसलेली संगणकीय नोंदवही होय. तिच्या प्रती व्यवहारातील अनेक पक्षांजवळ असतात. नोंदींच्या प्रत्येक गटावरून गणिती क्रियेने एक संकेतांक काढून तो पुढील गटात गुंफतात. त्यामुळे जुन्या नोंदीतील एक अंक जरी बदलला, तरी पुढचा मेळ बसत नाही व फेरफार उघडकीस येतो. हिऱ्यांसाठी डी बिअर्स कंपनीने २०१८ मध्ये ‘ट्रेसर’ ही अशी प्रणाली पुढे आणली. प्रत्येक हिऱ्याची ठेवण वेगळी असल्याने नोंद व वस्तू यांची गाठ तेथे घालता येते.

रेतीच्या बाबतीत ही सोय नाही. पालघर जिल्ह्यात सफाळ्याजवळ वैतरणेच्या खाडीत पूर्वी बुडी मारून पाटीने रेती काढीत. पुढे सक्शन पंप आले. अवैध उपशामुळे वैतरणा व सफाळे या स्थानकांदरम्यानच्या रेल्वेपुलांच्या पायांना धोका पोहोचत असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमानुसार रेती हे गौण खनिज असून त्याचे नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्रात वाहतूक परवाना ‘महाखनिज’ या संगणकीय प्रणालीतून देतात. ब्लॉकचेनची जोड दिल्यास एकाच परवान्यावर अनेक खेपा करणे अवघड होईल, हे खरे. परंतु परवाना दोन ब्रासचा आणि गाडीत तीन ब्रास, असे काठावरच घडले, तर नोंदवही तो खोटा आकडाच निष्ठेने जपून ठेवील. या मर्यादेचा उल्लेख प्रणालींच्या जाहिरातींत सहसा नसतो.

मोजमापही सरळ नाही. ब्रास म्हणजे १०० घनफूट (सु. २.८३ घ.मी.), पण दमट रेती फुगते व कोरड्या रेतीपेक्षा बरीच अधिक जागा व्यापते, तर वजन करावे तर पाण्याचा भार त्यात येतो. म्हणून काठावरील वजनकाट्याबरोबरच खाडीच्या तळाची खोली ठरावीक काळाने मोजून परवान्यांच्या बेरजेशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. पावसाळ्यातील पुराबरोबर नवी रेती येऊन पडत असल्याने ही तुलना पावसाळा संपल्यानंतरच्या व पुढील पावसाळ्यापूर्वीच्या मापनांत करणे अधिक विश्वसनीय असते.