कोळंबीची डोकी उकिरड्यावर का जावीत?

कोळंबी सोलली की डोकं आणि टरफल मिळून जवळजवळ निम्मं वजन बाजूला पडतं. त्यात उत्तम प्रथिनं असतात, शिवाय ॲस्टाझँथिन हे लालसर रंगद्रव्यही.

आणि आपण माशांना खाऊ काय घालतो? समुद्रातली छोटी मासळी पकडून केलेली कुटी! ती महाग, म्हणून सोयापेंड वाढवायची, तर मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि मासे चवीअभावी दाणा सोडून देतात. इथेच हा 'कचरा' कामाला येतो.

सायलेजची, म्हणजे हा कचरा आम्लात मुरवण्याची रीत मला फार आवडते, कारण तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. डोकी, आतडी बारीक वाटायची, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये वजनाच्या साधारण ३ टक्के फॉर्मिक ॲसिड घालून रोज ढवळायचं. सामू ४ च्या खाली गेला की सडवणारे जिवाणू थांबतात, पण आतड्यांतली पाचक द्रव्यं काम करतच राहतात. काही दिवसांत लगदा कढीसारखा पातळ होतो. प्रथिनांचे बारीक तुकडे झाल्याने ते पचायला सोपे, आणि त्यांच्या वासाने मासे दाण्याकडे धावतात. कोंडा किंवा सोयापेंडीत मिसळून वाळवा, झालं.

ॲसिड हाताळताना हातमोजे, चष्मा हवाच. टरफलात पचायला जड असं कायटिन आणि राख भरपूर, म्हणून दाण्यातलं प्रमाण मर्यादित ठेवा. आणि कोळंबीचा कचरा पुन्हा कोळंबीलाच घालू नका, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचा धोका असतो. रोहू-कटल्याचं तळं असेल, तर एका ड्रमने सुरुवात करून बघाच!