पाऊस नाही, तरी पत्रा गळतोय? माळ्यावरचं बियाणं सांभाळा



भात झोडून झालं, पोती माळ्यावर गेली. आता जूनपर्यंत काळजी नाही, असं आपल्याला वाटतं. पण नेमक्या या थंडीच्या दोन महिन्यांत माळ्यावरचं बियाणं बिघडू शकतं. म्हणून आजचा सल्ला शेताचा नाही, छपराचा आहे.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माकडं दरवर्षी कौलं फोडायची, म्हणून बाबांनी पत्रा घातला. उंदीर येऊ नयेत म्हणून वळचणीची फटही सिमेंटने बंद केली. जानेवारीत एका पहाटे आई म्हणाली, "वर टपटप कसली गं?" बॅटरी घेऊन चढले. पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे थेंब लोंबत होते आणि वरचं पोतं ओलं होतं. हात घातला तर कुबट वास. ते बियाणं पेरणीला उपयोगी पडलं नाही.

*हे पाणी येतं कुठून?*

चूल, भाताची वाफ, न्हाणीतलं गरम पाणी, आपला श्वास, या सगळ्यांची ओलसर ऊबदार हवा वर जाते. थंडीत आभाळ मोकळं असतं, त्यामुळे पत्रा रात्री झपाट्याने गार होतो. ओली हवा गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच हे.

कौलारू घरात हा त्रास कमी. मंगळुरी कौलं 1865 पासून बनतात. त्यांच्या प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा जाते, म्हणून माळा कोरडा राहायचा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे अनेक घरांवर कौलांऐवजी पत्रे आले. पत्रा वाईट नाही. पण कौलं गेली तशी हवेची वाटही गेली, ती आपल्याला मुद्दाम ठेवावी लागते. कौलांखाली प्लास्टिक ताणलं असेल किंवा सिलिंग मारलं असेल, तरी हीच अडचण येते.

*काय करायचं?*

1. वळचणीची फट दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा. उंदरासाठी बारीक भोकांची लोखंडी जाळी ठोका, सिमेंट नको.

2. फक्त खालून हवा आत येऊन भागत नाही, वरून बाहेरही जायला हवी. आढ्याजवळ, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचा झरोका ठेवा. आपल्याकडे पावसाची झोड पश्चिमेकडून येते, त्या बाजूच्या झरोक्याला तिरक्या पट्ट्या किंवा छोटी पडवी द्या. गोदामांवर वाऱ्याने फिरणारा गोल पंखा दिसतो, तोही चालतो. त्याला वीज लागत नाही.

3. चुलीचा धूर आणि न्हाणीची वाफ माळ्यावर न जाता थेट बाहेर जाईल असं बघा. ओले कपडे माळ्यावर वाळत घालू नका.

4. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. पत्र्याला टेकेपर्यंत थप्पी लावू नका. उन्हात वाळवलेलं भात गरम असताना पोत्यात भरू नका. थंड होऊ द्या, नाहीतर पोत्यातच घाम धरतो.

सकाळी दव पडलेल्या पत्र्यावर चढू नका, पाय घसरतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला घरी भोकं पाडू नका. तो फुटतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

*भात कोरडं आहे का? घरीच बघा*

काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर भात आणि दोन चमचे मीठ घाला. मीठ आधी तव्यावर भाजून थंड करा, आपल्याकडे ते दमट असतं. बाटली दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. पोती खाली आणा, चार-पाच दिवस उन्हं द्या. बियाण्यासाठी ओल 13 टक्क्यांच्या वर नको.

मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. 80 किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर दुसरं बियाणं बघायला तेव्हा वेळ हातात असतो. पेरणीच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

"फट उघडी ठेवली तर आजीला थंडी वाजेल," असं काहीजण म्हणतील. खालची दारं-खिडक्या रात्री खुशाल लावा, पांघरूण जाड घ्या. पण छपराची वाट बंद करू नका. आजी खाली झोपते, बियाणं वर.

उद्या पहाटे उठलात की एकदा बॅटरी घेऊन माळा बघा. पत्र्याला आतून सगळीकडे थेंब असतील तर तो घाम आहे. एकाच खिळ्यापाशी ओल असेल तर तिथलं भोक बुजवा. काही कळलं नाही तर फोटो काढून या नंबरवर पाठवा, बघून सांगते.

– तुमची कृषी सल्लागार