देवाच्या जमिनीची दगडी हद्द

भोर-वेल्ह्यात, म्हणजे जुन्या हिरडस नि गुंजण मावळात, फिरताना कोरीव दगड दिसला की आपण सरसकट ‘वीरगळ’ म्हणून मोकळे होतो. पण त्यावर लढाई नसेल, वासराला पाजणारी गाय आणि वर चंद्र-सूर्य असतील, तर ती धेनुगळ. देवाला, मठाला किंवा ब्राह्मणाला दान दिलेली जमीन ती दाखवते. हे दान चंद्र-सूर्य असेतो चालायचं, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं अशी सोय!

गायीऐवजी गाढव आणि स्त्री कोरलेली असेल, तर ती गधेगळ. दान मोडणाऱ्याच्या आईला घातलेली उघड शिवीच. (गुन्हा लेकाचा, शिक्षा आईला. हा कुठला न्याय?) अलिबागजवळ अक्षीला शिलाहार केशिदेवाच्या काळातला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी लेख आहे, त्याखालीही हेच शिल्प.

असे पुष्कळ दगड आज शिवेवरून उचलून देवळाच्या कट्ट्याला टेकवलेले असतात. दगड वाचतो, पण हद्द पुसली जाते. तुमच्या बांधावर एखादा उभा असेल तर हलवू नका, ऑइलपेंट तर नकोच. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात.